पाठीच्या कण्यावरचा हात

परभणी जिल्ह्यातला शेतकरी, जनावर मागच्या पायांवर उभे राहीनासे झाले म्हणजे, ते 'कमरेतून बसले' असे म्हणतो. बैल असो, म्हैस असो किंवा आखाड्यावरचा राखणीचा कुत्रा असो, बोल हाच. आणि लचक, मुका मार, वारे, मोडलेला मणका, विण्याच्या वेळची अशक्तता असे कितीतरी निरनिराळे विकार या दोन शब्दांत एकत्र कोंडले गेले आहेत. त्यांतलाच एक विकार, म्हणजे कुत्र्याच्या दोन मणक्यांमधल्या गादीत आणि तिला लागून असलेल्या हाडात जंतू शिरून ते हाड आतून कुरतडले जाण्याचा रोग, हा या लेखाचा विषय आहे. पशुवैद्यकात त्याला डिस्कोस्पॉन्डिलायटिस असे लांबलचक नाव आहे. तथापि या रोगाची हकिकत सांगू लागले, की ती परभणीच्या पशुचिकित्सेच्या हकिकतीपासून वेगळी काढता येत नाही. कारण या मुलखात जाणत्या वैद्याचा हात प्रथम घोड्याच्या पाठीवर पडला, मग बैलाच्या, आणि कुत्र्याच्या पाठीवर तो पडावयास इतकी शतके जावी लागली, की तोवर हा रोग त्या दोन शब्दांच्या आडच लपून राहिला.

घोड्याचा मान अर्थातच पहिला. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, ज्यात आजचा मराठवाडा मोडत असे, तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा जो कोशवजा ग्रंथ सिद्ध केला, त्यात हत्ती आणि घोडे यांच्या लक्षणांचा नि संगोपनाचा प्रपंच विस्ताराने आला आहे. कुत्र्यालाही तेथे स्थान आहे, परंतु ते 'सारमेयविनोदा'त, म्हणजे राजाच्या करमणुकीच्या प्रकरणांत, शिकारीचे साधन म्हणून. अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य शालिहोत्र; त्याच्या नावावर चालणाऱ्या संस्कृत ग्रंथाचे बहामनी दरबारात फार्सी भाषांतर झाले, आणि या देवघेवीत ऋषीचे नाव झिजत झिजत 'सालोतर' झाले, तर त्याची विद्या जाणणारा 'सालोतरी'. संस्कृतातून फार्सीत जाऊन पुन्हा देशी बोलींत परतलेल्या या शब्दाचा प्रवास मला फार हृद्य वाटतो. रिसाला म्हटला की नालबंद आणि सालोतरी त्याच्या बरोबर असावयाचेच. हैदराबाद कंटिंजंट या निजामी राज्यातल्या इंग्रज अंमलदारांखालच्या फौजेची मोठी छावणी हिंगोलीस होती, आणि हिंगोली १९९९ च्या मे महिन्यात वेगळा जिल्हा होईतो परभणी जिल्ह्याचाच भाग होती; तेव्हा १९०३ साली कंटिंजंट मोडून ते इंग्रजांच्या हिंदी फौजेत विलीन झाले, तोपर्यंत पशूच्या पाठीवरून हात फिरवून दुखरी जागा बोटांनी हुडकणारी माणसे या जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या वावरत होती, असे म्हणावयास हरकत नाही. खोगिराखाली पाठ लागलेली आहे, की दुखणे त्याहून खोल मणक्यात आहे, हे ओळखणे सालोतऱ्याच्या नित्याच्या कामातले होते. ती विद्या बोटांत होती. कागदावर फारशी उतरली नाही, आणि रिसाल्यांबरोबर निघून गेली.

बैलाची पाळी यानंतरची. निजामाचे दिवाण पहिल्या सालारजंगांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निजामी राज्याची जिल्हाबंदी केली आणि परभणीस तालुकदाराची कचेरी आली, तेव्हा सरकारचा वसूल ज्याच्या खांद्यावर उभा होता तो प्राणी बैल होता: काळ्या जमिनीची खोल नांगरट ओढणारा लाल कंधारी आणि देवणी. बुळकांडी आली की गावेच्या गावे बैलांविना उघडी पडत; घटसर्प, फऱ्या आणि फाशी यांची नावे या भागातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून आजही देवीपटकीच्या बरोबरीने निघतात. पुण्यास १८८९ साली जी सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली आणि चारच वर्षांनी हिमालयात मुक्तेश्वरास हलवली गेली, तिच्या स्थापनेमागेही गुरांच्या या साथींचीच चिंता होती. परभणीस १९१८ साली मुख्य प्रयोगक्षेत्र सुरू झाले ते पिकांसाठी. आणि हैदराबाद राज्याला स्वतःचे पशुवैद्यक महाविद्यालय मिळावयास १९४६ साल उजाडावे लागले. मधल्या काळात सर्वसामान्य रयतेला जो इलाज ठाऊक होता तो डागण्याचा. विळा किंवा लोखंडी सळई तांबडीलाल करून कमरेवर आडवे-उभे डाग द्यावयाचे, वर तेल-हळद लावावयाची, आणि जनावर तीन दिवसांत उठले तर डाग लागू पडला असे मानावयाचे. यास केवळ अज्ञान म्हणून बाजूस सारणे मला न्यायाचे वाटत नाही. दुखणे कमरेत आहे, पायात नाही, एवढे ज्याने ओळखले त्याने अर्धे निदान केले होते, उरलेल्या अर्ध्यासाठी लागणारी साधने त्याच्या हाती नव्हती इतकेच.

आणि कुत्रा? श्रद्धेच्या बाजूने पाहू गेल्यास त्याचे स्थान मोठे आहे. दत्ताच्या पायांशी तो आहे, खंडोबाबरोबर तो आहे. आणि ज्या नरसीचा नामदेवांच्या जन्मगावाशी संबंध जोडला जातो ती नरसीही जुन्या परभणी जिल्ह्यातलीच, जेथे भाकर पळवणाऱ्या कुत्र्यामागे कोरडी खाऊ नकोस म्हणून तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा लहान मुलांनाही पाठ असते. व्यवहारात तो धनगराच्या कळपाचा पहारेकरी आहे, लांडग्याच्या अंगावर जाणारा. आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या जनवळ गावाच्या आसपास जोपासली गेलेली ती लांब नाकाची, खोल छातीची, आखूड पोटाची कारवानी जात तर शिकारी लोकांच्या जिवाचा तुकडा. इतके असूनही सरकारी दप्तरात कुत्रा शिरला तो चावणारा म्हणून. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या माणसासाठी कसौलीस १९०० साली आणि कुन्नूरला १९०७ साली पाश्चर संस्था निघाल्या. लस निघाली ती माणसासाठी. कुत्र्याच्या वाट्यास काठी आणि बंदूकच आली.

या भीतीचा परिणाम आपल्या विषयावर थेट झाला आहे, म्हणून येथे थोडे थांबणे अवश्य आहे. पिसाळण्याचा एक प्रकार असा असतो, की त्यात कुत्रा चवताळत नाही, चावत सुटत नाही, तर हळूहळू लुळा पडतो. मागचे पाय ओढतो, जबडा लोंबतो, गिळता येत नाही. तेव्हा मागच्या पायांत अशक्त झालेल्या कुत्र्याजवळ जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवणे, ही गोष्ट समंजस माणसाने टाळावी अशीच होती, आणि ज्या कुत्र्यास लस टोचल्याचा दाखला नाही त्याच्या बाबतीत आजही पशुवैद्य प्रथम हाच संशय मनात धरून हातमोजे चढवतो. दुसरा संशय डिस्टेंपरचा, ज्याचा विषाणू फ्रेंच संशोधक कारे याने १९०५ साली दाखवून दिला. त्यातही पाय लुळे पडतात, अंग उडते. या दोन मोठ्या सावल्यांच्या अंधारात तिसरा, बरा होऊ शकणारा रोग कुणाच्या नजरेस पडत नव्हता. किती कुत्रे पिसाळलेले म्हणून मारले गेले असतील, ज्यांच्या मणक्यात केवळ पू होता, याची गणती कोणत्याही कचेरीत नाही. पण ते मारले गेले असतील याविषयी माझ्या मनाला शंका वाटत नाही, आणि हा विचार आला की मन खिन्न होते.

आता रोगाकडे वळू. कुत्र्याच्या पाठीच्या कण्यात मानेचे सात, छातीचे तेरा, कमरेचे सात मणके असतात आणि त्यांच्या पुढे माकडहाडाचे तीन एकजीव झालेले; शेपटीचे निराळे. दोन मणक्यांमध्ये जी गादी असते तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, आणि मणक्याच्या ज्या टोकाला ती चिकटलेली असते तेथे रक्त अतिशय सूक्ष्म केशवाहिन्यांच्या वळणांतून, पाटाच्या शेवटच्या वाफ्यात पाणी रेंगाळावे तसे, संथपणे वाहते. अंगात इतरत्र कोठे, कातडीत, दातात, मूत्राशयात, हृदयाच्या झडपेवर, जंतूंचे ठाणे असले, की ते रक्तातून निघतात आणि या संथ जागी बसतात. बहुधा ते स्टॅफिलोकोकस वर्गातले. कधी स्ट्रेप्टोकोकस, कधी ई-कोलाय. एका विशिष्ट जंतूचे नाव मात्र वेगळे काढून सांगितले पाहिजे: ब्रुसेला कॅनिस. अमेरिकेत कार्मायकेल यांनी १९६६ साली, बीगल कुत्र्यांच्या पैदाशीत होणाऱ्या गर्भपातांचा शोध घेताना तो उजेडात आणला. तो माणसालाही बाधू शकतो, म्हणून मणक्याच्या रोगात त्याची रक्तपरीक्षा करून घेणे हे कुत्र्याइतकेच त्याच्या धन्याच्याही हिताचे असते. अल्सेशियन म्हणून आपल्याकडे ओळखल्या जाणाऱ्या जर्मन शेफर्ड जातीत बुरशीही मणक्यात उतरते, आणि त्या रुग्णांत यश फार थोडे येते.

आणखी एक कारण असे आहे, की ते वाचताना मला जिंतूरकडची माळराने डोळ्यांपुढे उभी राहिली. गवताचे कुसळ नाकातोंडातून श्वासाबरोबर आत गेले, किंवा कातडीत रुतले, तर त्याची उलटी लव त्यास मागे येऊ देत नाही. हालचालीबरोबर ते पुढेच सरकते, आणि जाता जाता जंतूही सोबत नेते. परदेशांतील शिकारी कुत्र्यांत अशी कुसळे छातीतून पडद्यामार्गे कमरेच्या वरच्या मणक्यांशी पोहोचून तेथे पू झाल्याची उदाहरणे पशुवैद्यांनी नोंदवली आहेत. आपल्या माळांवर पावसाळा सरता सरता कुसळी पिकते तेव्हा धोतराच्या काठापासून मेंढीच्या लोकरीपर्यंत सर्व काही तिने भरून जाते, हे सांगावयास नको. धनगर मेंढीच्या अंगातली कुसळे संध्याकाळी बसून वेचतो. कळपामागे दिवसभर तोंड उघडे टाकून धावलेल्या कुत्र्याचे नाक, कान आणि पंजाची बोटांमधली जागा त्याच वेळी पाहून घेतली जावी, असे मला फार मनापासून वाटते.

या रोगाचा स्वभाव ओळखण्यास जी विद्या हवी होती ती तुकड्यातुकड्यांनी आली. माणसाच्या मणक्याचा क्षय, ज्याने पाठीस कुबड येते आणि पाय जातात, त्याचे वर्णन लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने १७७९ साली केले, तेव्हा मणक्याचे हाड आतून सडते आणि त्यामुळे पाय लुळे पडतात हा संबंध प्रथम स्पष्टपणे मांडला गेला. राँटगेनने १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले, आणि जिवंत प्राण्याचे हाड कातडी न फाडता पाहता येऊ लागले. फ्लेमिंगने पेनिसिलिन ओळखले १९२८ साली. आणि आपल्याकडे पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली उभा राहिल्यावर हे औषध सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागले. पशूंचा वैद्य घडवणारी शाळा मुंबईस परळला १८८६ पासून होती, नागपुरास १९५८ पासून. परभणीस मात्र काहीच नव्हते.

ते आले १९७२ साली. मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना त्या वर्षी १८ मे रोजी परभणीस झाली आणि त्याच वर्षी पशुवैद्यक महाविद्यालयही सुरू झाले. ज्यांनी ते दुष्काळाचे साल पाहिले आहे त्यांना त्याची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही: विहिरी आटलेल्या, रयत खडी फोडावयास गेलेली, जनावरे छावण्यांत किंवा कसायाच्या दारात. अशा वर्षी या शहरात पशुवैद्यकाचे शिक्षण सुरू व्हावे यात मला एक करुण औचित्य दिसते. साहजिकच त्या आरंभीच्या काळात सारे लक्ष गाय, बैल, म्हैस आणि शेळी यांच्याकडे होते. परंतु महाविद्यालय म्हटले की त्यास जोडून शिकवणारा दवाखाना येतो, शल्यचिकित्सा आणि क्षकिरणशास्त्र हा विभाग येतो, आणि या विभागाच्या दारात जो कोणी येईल त्यास तपासावेच लागते. सन २००० मध्ये नागपूरचे महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठ अस्तित्वात येऊन हे महाविद्यालय त्याकडे वर्ग झाले. तोवर परभणी शहराच्या नव्या वसाहतींतून साखळीने बांधलेले, पट्टा घातलेले कुत्रे रिक्षातून येऊ लागलेले होते. आणि त्यांच्यामागून, थोडे संकोचत, खेड्यातले राखणीचे कुत्रेही आले.

तपासणी कशी होते हे जवळून पाहण्यासारखे आहे. कुत्रा टेबलावर घेण्यापूर्वी त्यास चालवून पाहतात: मान खाली, पाठ कमानीसारखी वर, पावले आखूड, उडी मारण्यास स्पष्ट नकार. मग त्यास उभे करून वैद्य आपल्या उजव्या हाताची दोन बोटे खांद्यांमधल्या मणक्यांवर ठेवतो आणि एकेक मणका मोजल्यासारखा दाबत मागे मागे सरकतो, डावा तळवा पोटाखाली. एका ठिकाणी, बहुधा कमर आणि माकडहाड यांच्या सांध्यावर, बोटांखाली काही जाणवण्याच्या आतच डाव्या तळव्याला पोट फळीसारखे ताठ झालेले कळते. कुत्रा विव्हळला नाही तरी तेथेच दुखणे आहे. नंतर मागचा एक पंजा उचलून उलटा, बोटांची पाठ जमिनीला लागेल असा टेकवतात. निरोगी कुत्रा तो क्षणात सरळ करतो. ज्याच्या मज्जारज्जूवर दाब आहे तो कुत्रा आपला पाय उलटा आहे हे विसरून तसाच उभा राहतो, आणि हे दृश्य पाहणाऱ्या धन्याच्या चेहऱ्यावर, शब्दाने काही न सांगताच, सारे कळल्याची खूण उमटते. शेवटी चिमट्याने बोटाचे हाड दाबून खोल वेदना शाबूत आहे की नाही ते पाहतात. ती असेल तर आशा आहे.

ताप असेलच असे नाही, पुष्कळांना नसतो. आणि या रोगाची सर्वांत फसवी गोष्ट ही, की हाड आपली साक्ष उशिरा देते. जंतू बसल्यापासून दोन ते चार आठवडे क्ष-किरणांच्या चित्रात काहीच दिसत नाही, आणि चित्र निर्मळ आले म्हणून कुत्र्यास घरी पाठवले तर पुढच्या महिन्यात तो मागचे पाय ओढत परत येतो. म्हणून चित्रापेक्षा बोटांवर भरवसा ठेवावा लागतो. सालोतऱ्याची जुनी विद्या येथे नव्या विद्येच्या उपयोगी पडते. पुढे चित्रात मणक्यांची समोरासमोरची टोके उंदराने कुरतडल्यासारखी खडबडीत दिसतात, मधली जागा आक्रसते, कडेचे हाड पांढरे, दाट होते. म्हातारपणी मणक्यांच्या कडांना जे चोचीसारखे हाड वाढते ते बहुतांशी निरुपद्रवी. त्याच्यात टोके गुळगुळीत राहतात, हा भेद लक्षात ठेवावा लागतो. रोग एकाच वेळी अनेक सांध्यांत असू शकतो, म्हणून सबंध कण्याचे चित्र काढतात. एमआरआयमध्ये तो पुष्कळ लवकर कळतो, परंतु तशी सोय मोठ्या शहरांतच.

औषध सुरू करण्याआधी रक्ताचे आणि लघवीचे कल्चर लावणे हा खरा शहाणपणा, कारण जंतू सापडला तर औषध नेमके निवडता येते. न सापडल्यास सेफालेक्झिनसारखे, स्टॅफिलोकोकसवर चालणारे औषध देतात. साधे पेनिसिलिन या जंतूंपुढे बहुधा निष्प्रभ ठरते. आणि येथे एका गोष्टीबद्दल कळकळीने लिहिल्यावाचून राहवत नाही. पाठ दुखते म्हणून स्टिरॉईडची सुई टोचून घेण्याची जी रीत सर्वत्र पडली आहे, तिने कुत्रा दोन दिवस शेपूट हलवीत फिरतो, धनी समाधान पावतो, आणि आत, अंगाची प्रतिकारशक्ती झोपी गेलेली पाहून, जंतू हाडात मोकळे रान मिळाल्यासारखे पसरतात. माझ्या एका नातलगांच्या घरचा कुत्रा असाच गेला. खरे औषध लागू पडले तर पाच-सात दिवसांत वेदना उतरते, आणि तीच धोक्याची वेळ, कारण बरे वाटले म्हणून गोळ्या थांबतात. गादीत रक्तच फारसे जात नाही, मग औषध तरी कसे जाणार? म्हणून ते किमान आठ आठवडे, पुष्कळदा सहा महिने, कधी वर्षभर द्यावे लागते. मध्ये दर चार-सहा आठवड्यांनी चित्र काढून पाहावयाचे. आणि तोवर कुत्र्यास आखूड दोरीने बांधून, धावण्या-उड्यांपासून राखावयाचे. ज्या घरात माणसाच्या क्षयाचा औषधक्रमही पुरा होणे दुर्घट, त्या घराकडून कुत्र्यासाठी सहा महिन्यांच्या गोळ्यांची अपेक्षा करणे हे मोठे मागणे आहे, हे मी जाणतो.

तरी ते मागणे पुरे करणारी माणसे असतात. जिंतूर तालुक्यातला एक धनगर, मध्यम वयाचा, खांद्यावर घोंगडी, आपल्या कुत्र्यास पोत्यात घालून एसटीच्या टपावरच्या माणसाला विनवीत परभणीस आलेला मी पाहिला आहे. पहिल्या खेपेस कुत्र्याचा पंजा उलटाच राहिला होता. पाच महिन्यांनी तो पुन्हा आला तेव्हा पोते नव्हते; दोरी होती. वैद्याने खिडकीच्या उजेडात तीन चित्रे ओळीने धरून दाखवली: पहिल्यात कुरतडलेली टोके, दुसऱ्यात कडेने दाटलेले हाड, तिसऱ्यात दोन मणके मधली गादी गिळून एकमेकांत जुळून गेलेले. रोग बरा झाला म्हणजे हाड असेच सांधते. त्या जागी वाक राहत नाही, पण दुखणेही राहत नाही. धनगराने तिसरे चित्र हातात घेतले, बराच वेळ पाहिले, मग खाली बसून कुत्र्याच्या कमरेवर तीच जागा अंगठ्याने दाबून पाहिली. कुत्रा हलला नाही. "आता कळपामागं धाडू का, डाक्टर?" त्याने विचारले. आणखी एक महिना नको, असे उत्तर मिळाल्यावर त्याने मान डोलावली, उरलेल्या गोळ्यांचे पाकीट कोपरीच्या आतल्या खिशात घातले, आणि कुत्र्याचा मागचा पंजा उचलून, पहिल्या दिवशी पाहिले होते तसाच, उलटा टेकवून पाहिला. कुत्र्याने तो लगेच सरळ केला.